चन्नबसम्माच्या पावलाचं माप

बोरीच्या आसपासच्या चार गावांत लिंगायताच्या घरी कुणी गेलं की पहिला निरोप स्वामींना जायचा आणि दुसरा नागप्पाला. स्वामींना कधी कधी उशीर व्हायचा, नागप्पाला कधीच नाही. खांद्यावर टिकाव, हातात फावडं, डोक्याला उपरणं, आणि चेहरा असा की लग्नाचा मांडव घालायला निघालाय. त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवतात आणि जन्मभर गळ्यात असलेलं त्याचं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवून बसल्या बसल्याच मातीत देतात. त्या बसण्याला खड्डा लागतो. तो खड्डा चाळीस वर्षं नागप्पा खणत आला होता. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. एकदा खणला, तो लोकांना आवडला, आणि मग ते काम त्याच्याच गळ्यात पडलं.

त्याचा हट्ट एकच, मापाचा. खड्डा नऊ पावलं खोल आणि पाच पावलं रुंद, आणि पाऊल मेलेल्या माणसाचंच, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. नागप्पा आधी मयताजवळ जाई. तुरीची वाळकी काडी तळपायाला लावी, तेवढीच मोडून घेई, मग टिकाव उचली. अंदाजानं खणा की, कोण बघायलंय, असं कुणी म्हणालं तर त्याचं टाळकं फिरायचं. दुसऱ्याच्या मापाचा सदरा तुम्ही घालाल का, असं तो चारचौघांत विचारायचा. गावातली टारगट पोरं तो समोरून आला की पाय लपवायची.

अशा माणसाची बायको गेली आणि तिला खड्डाच मिळाला नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेतला वैशाख होता. चन्नबसम्माला तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी धाप लागली. अॅम्ब्युलन्स आली आणि तिला परभणीला घेऊन गेली. सोबत कुणालाच घेतलं नाही. नागप्पा स्वतः तापानं फणफणला होता. दाराच्या चौकटीला धरून तो नुसता बघत राहिला. गाडीत चढताना ती वळून सुनेला एवढंच म्हणाली की रांजण भरून ठेव. पाचव्या दिवशी फोन आला की ती गेली. सहाव्या दिवशी कळलं की त्या दिवशीच्या सगळ्यांबरोबर तिलाही अग्नी दिला. ते दिवसच तसे होते, कुणाला बोल लावणार? पण नागप्पानं फोन कानाला तसाच धरून ठेवला, पलीकडचा फोन केव्हाच बंद झाला तरी.

मुलगा महांतेश पुण्याला कंपनीत होता. तोही तापानं खोलीत पडलेला. घरात उरली सून रुद्राणी. सासऱ्याची आणि तिची दोघांचीही तपासणी बोरीला झाली होती आणि दोघांतही आजार निघाला होता. गावानं विचार केला आणि चन्नबसम्माला नेलं त्याच दिवशी दोघांना शेतातल्या आखाड्यावर पाठवलं. चौदा दिवस तिथंच राहा, दळण-मीठ पोचवू, म्हणाले. आखाडा म्हणजे दोन पत्र्यांची खोली, पुढं लिंबाचं झाड आणि जनावरांचा गोठा. शेजारचं शेत रामहरीचं. त्यानं आपल्या हातानं बोराट्या तोडल्या आणि वाटेवर आडव्या टाकल्या. रामहरी वाईट माणूस नव्हता. घरात दोन लहान लेकरं, म्हातारी आई गोजरबाई. भ्यालेला माणूस काटे जरा जास्तच टाकतो, एवढंच.

मरणाच्या घरी माणसं येतात. बायका गळ्यात पडून रडतात, गेलेल्या बाईचे गुण घेऊन घेऊन रडतात. चूल बंद असते तेव्हा भावकी भाकरी आणते आणि बळंच दोन घास तोंडात घालते. इथं कुणी आलं नाही. रुद्राणीनं तिसऱ्या दिवशी आपली आपण चूल पेटवली. धुराचं निमित्त करून ती तासभर रडली आणि मग पिठलं केलं. नागप्पा रडला नाही. फोनवर जो बोलेल त्याला तो एकच विचारायचा, तिच्या गळ्यातलं लिंग कुठं हाय. महांतेशनं आजारातही दहा ठिकाणी फोन लावले. कुणाला सांगता आलं नाही. नागप्पा बाजेवर पडून स्वतःच्या गळ्यातलं लिंग मुठीत धरून ठेवायचा, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट घुमायची की बाई रिकाम्या हातानं गेली.

आखाड्यावरच्या नवव्या दिवशी ऊन चढल्यावर अनोळखी नंबरावरून फोन आला. रुद्राणीनं स्पीकर लावला.

"मी सिद्धोधन बोलायलोय, परभणीहून. वार्डात काम करतो. चन्नबसम्मा तुमच्याच का?"

नागप्पा बाजेवर उठून बसला.

माणूस घाबरत बोलत होता. नंबर सापडायला वेळ लागला म्हणाला, ड्युटीवर ड्युटी चालू होती म्हणाला, माफी करा म्हणाला. मग त्यानं मूळ गोष्ट सांगितली. शेवटच्या दिवशी सकाळी म्हातारीनं त्याला जवळ बोलावलं, नाव विचारलं आणि गळ्यातलं सोडून त्याच्या हातात दिलं.

"त्या म्हणाल्या, हे आगीत जाऊ दिऊ नको. माज्या मालकाकडं दे. कुटं ठिवायचं ते तेला ठावं हाय. मी धुऊन कोऱ्या रुमालात बांधून ठिवलंय बाबा. आमच्या घरी ह्यातलं काई म्हाईत न्हाई, म्हणून आपलं उंचावर ठिवलं. सुट्टी मिळाली की घिऊन येतो."

फोन ठेवल्यावर नागप्पा अंगणात आला. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यानं आपणहून चहा मागितला.

मग त्यानं स्वामींना फोन लावला. स्वामी चांगले होते, हळहळले, पण सांगायचं ते त्यांनी सांगितलं. देह अग्नीत गेला, आता खड्डा कुणासाठी? लिंग आणा आणि नदीत सोडा, तेही चालतं. नागप्पानं आयुष्यात स्वामींचा शब्द मोडला नव्हता. त्यानं नीट ऐकून घेतलं, शरणार्थ म्हणून निरोप घेतला, आणि फोन ठेवून गोठ्यातला टिकाव काढला. तिनं नदीचं नाव घेतलं नव्हतं. ज्याला ठावं आहे त्याच्याकडं दे, असं ती म्हणाली होती, आणि त्याला एकच ठावं होतं.

लिंबापासून वीस हात लांब, बांधाच्या अंगाला त्यानं जागा धरली. टिकाव उचलला आणि खाली ठेवला. माप कुठं होतं?

त्यानं रुद्राणीला विचारलं, तिच्या चपला कुठं हायत. चपला पायातच गेल्या होत्या, रबरी, लाल पट्ट्याच्या. दुसरा जोड तिच्याकडं कधी नव्हताच. नागप्पा डोकं धरून बसला. बेचाळीस वर्षांचा संसार. हे पाय त्याच्यापुढं चालले होते, मागं चालले होते, ढेकळांतून, चिखलातून, ह्याच शेतातून. चार गावच्या मेलेल्यांची पावलं त्याला तोंडपाठ होती आणि घरच्या बाईचं पाऊल केवढं ते त्याला सांगता येईना. ती जिवंत असताना त्यानं कधी तिच्या पायाकडं बघितलंच नव्हतं. बघायचं काय कारण? ही शरम त्याला मरणापेक्षा जास्त बोचायला लागली.

रुद्राणीला ते बघवेना. ती म्हणाली, "आप्पा, आईच्या चपला मी कवा कवा घालायचे. जराशा सैल व्हायच्या. माजं पाऊल घ्या, वरून बोटभर धरा."

"जित्या माणसाचं माप घेत नसतेत, माय," नागप्पा म्हणाला. "सवाशीण बाई तू. तसलं पुन्यांदा बोलू नको."

त्या दिवशी खड्डा राहिला. टिकाव रात्रभर उघड्यावर पडून होता, आणि नागप्पाच्या हातून अवजार असं कधी बाहेर राहत नसे.

सिद्धोधन दुसऱ्याच दिवशी आला. मोटारसायकल बोराट्यांपाशी थांबली. तीस-बत्तिशीचा सडपातळ माणूस, तोंडाला फडकं, डोळ्यांखाली काळं. रामहरी आपल्या शेतातून धावत आला आणि पुढं जाऊ नका, तिथं आजार हाय, म्हणाला. सिद्धोधननं त्याच्याकडं अशा काही नजरेनं बघितलं की रामहरी ओशाळला. जो माणूस महिनाभर आजारातच उभा होता त्याला आजाराची भीती काय घालायची. काटे ओलांडून, चप्पल काढून तो आत आला. दहा हातांवर दगड होता, त्यावर त्यानं रुमालाची पुरचुंडी ठेवली आणि मागं सरकून उभा राहिला. रुद्राणीनं पाण्याचा तांब्या मध्ये नेऊन ठेवला.

नागप्पानं पुरचुंडी उचलली, कपाळाला लावली. सोडून बघितली नाही. म्हणाला, "गेली तवा तुमी हुता?"

"हुतो की."

"कुणी बोललं का तिच्यासंगट?"

"मी बोललो. शेवटच्या घडीला जास्ती न्हाई. आदल्या दिशी बोलल्या. पाय लय गार पडलेत म्हणल्या. मी चोळून दिले. नंतर अंगठ्याला चिठ्ठी बी मीच बांदली, बाबा. पाय मीच जुळवले."

नागप्पाचे डोळे बारीक झाले. रुद्राणीला वाटलं म्हाताऱ्याला सहन होणार नाही आता. पण तो वेगळंच विचारत होता.

"म्हंजी तिचं पाऊल तुमच्या हातात हुतं."

"हुतं की."

"केवढं हुतं?"

सिद्धोधनला आधी कळेचना. रुद्राणीनं दोन वाक्यांत समजावलं, नऊ पावलं, पाच पावलं, आणि माप नाही म्हणून कालपासून काम अडलंय. नागप्पानं गोठ्याच्या कुडातली तुरीची एक काडी ओढली आणि दगडाकडं टाकली. सिद्धोधननं ती उचलली. मग डोळे मिटून त्यानं डावा तळहात असा पुढं धरला की त्यात टाच ठेवलीय, आणि उजव्या हातानं वरून हळूच अंगठ्यापर्यंतचं अंतर चाचपलं. दोन हातांमधलं ते अंतर तसंच धरून त्यानं काडीवर नख रोवलं. काडी मोडल्याचा आवाज आला.

"एवढंच?" नागप्पानं विचारलं.

"एवढंच. ल्हान हुतं, बाबा. टाचंला चिरा हुत्या."

चिरा होत्या हे नागप्पाला ऐकताक्षणी आठवलं. थंडीच्या दिवसांत ती निजताना टाचांना मेण लावायची. पावलाकडं कधी बघितलं नाही असं कालपासून तो स्वतःला दोष देत होता, पण एवढं तरी त्यानं बघितलेलं होतं. त्याला जरा हलकं वाटलं. सिद्धोधनला जेवून जा म्हणायची सोय नव्हती, म्हणून रुद्राणीनं त्याला गोठ्यातल्या उतरंडीतली मुगाची डाळ बांधून दिली. तो नको नको म्हणत होता, पण शेवटी घेतली. बोराट्यांच्या पलीकडं रामहरी अजून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मोटारसायकल वळवायला त्यानं मागून हात लावला आणि मग इकडं न बघता औत जुंपायला गेला.

नागप्पानं खणायला घेतलं. वैशाखातली काळी जमीन म्हणजे वर भेगा आणि आत दगड. पूर्वी एका दिवसात त्याचा खड्डा व्हायचा. आता दहा घाव घातले की छाती भात्यासारखी चालायची आणि तो टिकावावर हनुवटी टेकून उभा राहायचा. रुद्राणी घमेल्यानं माती ओढायची. बायकांनी खड्ड्याला हात लावायचा नसतो, असं तो पहिल्या दिवशी दोनदा म्हणाला. दुसऱ्या दिवशी एकदा म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्यानंच तिला दोरीची गाठ कशी मारायची ते शिकवलं.

हातभर खाली गेल्यावर माती ओलसर लागली, कंबरेएवढं झाल्यावर पिवळा मुरूम. चढायला-उतरायला त्यानं एका बाजूच्या भिंतीत खोबणी पाडल्या. दुपारी ऊन थेट आत उतरायचं तेव्हा तो लिंबाखाली आडवा व्हायचा. बोलायला लागला होता. ही जमीन पहिल्यांदा नांगरली तेव्हा ती कशी बैलांच्या पुढं चालली, तिला वाटाण्याची उसळ कशी आवडायची, एकदा बोरीच्या बाजारात तिनं एका व्यापाऱ्याला भावावरून कसं रडकुंडीला आणलं. रुद्राणी घमेलं भरता भरता ऐकायची. कधी हसायची, कधी घमेलं भरायचंच राहायचं. सासूबद्दल आपल्याला एवढं माहीत नव्हतं, असं तिला वाटायचं.

तिसऱ्या दिवसापासून गोजरबाई बांधावर येऊ लागली. रामहरीची आई, सत्तरीची, कानानं कमी आणि आवाजानं जास्त. टोपल्याखाली भाकरी आणि ठेचा ठेवायची, लांब जाऊन बसायची आणि तिथून ओरडायची.

"भावजी, बसत बसत खंदा. तिला काई घाई न्हाई आता. जित्यापणी तुमीच घाई करायचे."

नागप्पा खड्ड्यातून म्हणायचा, "वैनी, तुमची भाकर कच्ची ऱ्हायलीय."

"खाऊ नका मग," गोजरबाई म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी जरा जास्त भाजून आणायची.

चौदा दिवस भरले. पंधरावा गेला, सोळावा गेला. सरकारी माणूस येऊन मोकळे झालात म्हणून सांगून गेला. पण लोकांच्या मनातली मुदत संपली नव्हती. वाटेवरचे काटे कुणी उचलले नाहीत आणि नागप्पानंही उचला म्हटलं नाही.

सतराव्या दिवशी सकाळी काडी नऊ वेळा बरोबर बसली. रुद्राणीनं गावात दोघातिघांना फोन केले. बोलावलं नाही, नुसतं कळवलं. महांतेशला व्हिडिओवर घेतलं. नऊ वाजेपर्यंत बांधावर पंधरा-वीस माणसं जमली. लांब लांब उभी, तोंडाला फडकी, हातात बेलाची पानं. गोजरबाईनं मिठाची पिशवी आणली होती. रामहरी आपल्या बांधावर उभा होता, सगळ्यांपासून वेगळा. ह्यातल्या निम्म्या घरची माणसं नागप्पानं मातीत बसवली होती.

नागप्पा आंघोळ करून, भस्म लावून, ओलेत्यानं आत उतरला. चाळीस वर्षं हात ज्या क्रमानं चालले त्याच क्रमानं चालले. आधी तळाला मीठ आणि बेल. मग भिंतीत कोरलेला छोटा कोनाडा फडक्यानं पुसला. मग तांब्यातल्या पाण्यानं माती कालवून चढायच्या खोबणी एकेक करून लिंपून टाकल्या. आत बसणाऱ्याच्या भिंती गुळगुळीत हव्यात, हा त्याचाच नियम. शेवटी रुमालातून लिंग काढलं. ते आत्ता त्यानं पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी बघितलं. तिच्या गळ्याच्या घामानं दोरा एका बाजूला काळा पडला होता. त्यानं ते दोन्ही हातांनी कोनाड्यात ठेवलं.

"बस चन्नबसम्मा," तो म्हणाला. "जागा तुज्याच मापाची हाय."

आणि काम झालं की करायचा तसा त्यानं उजवा हात वर केला.

खड्ड्यात उतरणाऱ्याला मयताच्या घरचा माणूस हात देऊन वर घेतो. त्यांच्यात तो मान असतो, हात वर गेला की वरून चार हात खाली येतात. आज हात वर गेला आणि तसाच राहिला. नागप्पानं वर बघितलं. चौकोनी आभाळ होतं आणि आभाळात कुणी नव्हतं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की खोबणी आपण आपल्या हातानं बुजवल्या, आणि घरचं माणूस म्हणजे आपण, ते तर खाली उभं आहे.

रुद्राणी मोबाईल ठेवून धावली, गुडघ्यांवर बसली, हात खाली घातला. नागप्पानं धरला. पण त्याच्या वजनानं तीच पुढं घसरली आणि काठाची माती ढासळली. "सोड," तो ओरडला, "तू बी पडशील." त्याला खोकल्याची उबळ आली. रुद्राणीनं बांधाकडं बघून हाक मारली. बांधावर हालचाल झाली, एकानं दुसऱ्याकडं बघितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. पाऊल कुणाचंच निघेना. मोबाईलमधून महांतेश आप्पा, आप्पा, करत होता.

काटे तुडवल्याचा आवाज आला. रामहरी काटे बाजूला सारत बसला नव्हता, सरळ बोराट्यांतून आला होता. धोतर फाटलं, पोटरीतून रक्त निघालं. आला तसा तो काठाशी छातीवर आडवा झाला आणि त्यानं दोन्ही हात आत सोडले.

नागप्पानं आपला हात मागं घेतला. "लांब ऱ्हा, रामहरी. तुज्या घरात लेकरं हायत."

"चौदा दिस कवाच झाले, काका."

"तरी बी."

"लय मोजलं तुमी आजवर," रामहरी म्हणाला. "आता मोजू नका. हात द्या."

नागप्पानं हात दिला. सतरा दिवसांत बाहेरच्या माणसाचा हात त्याला पहिल्यांदा लागला, गरम, घट्टे पडलेला, ओढून घेणारा. रुद्राणीनं रामहरीचे पाय दाबून धरले. एक गुडघा काठावर, मग दुसरा. वर आल्यावर नागप्पानं उभं राहायचा प्रयत्न केला, पण ते त्याला जमलं नाही. तो तिथंच मातीत बसला आणि रामहरीचा हात कपाळाला लावून रडू लागला. मोठ्यानं, तोंड उघडून, गावातल्या बायका रडतात तसा. चन्नबसम्माचे गुण घेऊन, तिच्या टाचांच्या चिरांपासून बोरीच्या बाजारापर्यंत, एकेक आठवून.

रामहरीनं हात काढून घेतला नाही. बांधावरून पहिल्यांदा गोजरबाई उतरली, मूठभर माती घेऊन, आणि तिच्या मागं बाकीचे.